हेमकांत हवालदाराचा बर्फ

आमच्या दुकानातला बर्फ उसाच्या रसवाल्यांकडे जातो, लग्नाच्या मांडवात जातो आणि कुणी दारू पिऊन गाडी ठोकली की हेमकांत हवालदाराच्या थर्मासमध्येही जातो. पहिल्या दोन गोष्टी माझ्या आईला माहीत होत्या. तिसरी कळली त्या दिवशी ती दुकानात येऊन बसली.

आमचं घर जैन. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून आम्ही या तालुक्याच्या गावात व्यापार करतो. सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-लसूण घरात येत नाही. आणि माझ्या गल्ल्याशेजारी दर पंधरवड्याला कुणाचं तरी रक्त सीलबंद होऊन बसलेलं असायचं. आई, म्हणजे लहरीबाई, थर्मासकडे बोट दाखवत माझं नाव घेऊन म्हणाली, "अभिनंदन, दुकान में खून?" मी म्हटलं, "माँ, सरकारी है." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तो फिर बाहर की तरफ रख." तेव्हापासून थर्मास काउंटरच्या रस्त्याकडच्या टोकाला बसतो. धर्म आणि सरकार दोन्ही सांभाळायची हीच रीत आमच्या घरात आहे.

हेमकांत पाटील जवळच्याच ब्राह्मणपुरी गावचा. घरी केळी आणि ऊस, चांगली काळी जमीन, पण धाकट्या भावाला शेती आणि थोरल्याला नोकरी अशी वाटणी झाली आणि हा पोलिसात गेला. उंच, वाळका, बोलण्यात कंजूष. मी त्याला इतकी वर्षं बघतोय, पण त्याला हसू आलेलं की उन्हामुळे डोळे बारीक झालेले, हे मला अजून ओळखता येत नाही. बढतीसाठी त्यानं कधी कुणाच्या मागे फेऱ्या मारल्या नाहीत. बंदोबस्तात तो पुढे नसतो, फोटोत तर नसतोच. ठाण्यात त्याची एकच ओळख आहे. तो नमुने नेतो.

नमुने म्हणजे काय, हे मला त्यानंच हप्त्याहप्त्यानं सांगितलं. पोलीस दारू प्यालेल्या ड्रायव्हरला दवाखान्यात नेतात. डॉक्टर दंडातून रक्त काढतात. ज्या बाटलीत ते भरतात तिच्या तळाशी पांढरी पावडर असते, म्हणजे रक्त गोठत नाही आणि सडतही नाही. बाटलीवर कापड, कापडावर लाख, लाखेवर सील. मग ती नाशिकला सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत न्यायची. तिथले लोक आधी सील बघतात. तुटलेलं असेल तर हातसुद्धा लावत नाहीत. शाबूत असेल तर यंत्रावर घालून किती दारू आहे ते सांगतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत कायदा गप्प बसतो, त्यापुढे बोलायला लागतो.

आणि हे सगळं आमच्याकडच्या उन्हात. एप्रिल-मेमध्ये एसटीच्या खिडकीची दांडी धरवत नाही. नियम म्हणतो नमुना थंड ठेवा. नियम लिहिणारा नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात आलेला नसावा. म्हणून हेमकांत बर्फ नेतो, आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरून पुन्हा बदलतो.

सगळेच असं करत नाहीत. त्याच्याबरोबरचा शिपाई डोंगरसिंग आधीच्या ठाण्यात असताना एकदा नमुना घेऊन निघाला आणि पिशवी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवून झोपला. तिथं जागा मोकळी होती, एवढंच त्याचं म्हणणं. नाशिकहून उत्तर आलं की नमुना तपासणीस योग्य नाही. आरोपी सुटला. पुढच्या महिन्यात डोंगरसिंगला आरोपीच्या घरून लग्नाची पत्रिका आली. हे तो स्वतःच सांगतो, आणि जेवण चांगलं होतं असंही सांगतो.

हेमकांतचा एकही नमुना परत आला नाही. तालुक्यातल्या लोकांना त्याचं कौतुक नव्हतं, रागच होता. नमुना निघाला की आरोपीचे नातेवाईक स्टँडवर यायचे. कुणी पपयांची पेटी आणायचं, कुणी मिरच्यांचं पोतं. हेमकांत आमच्या अहिराणीत म्हणायचा, "बसमा जागा नही." ते त्याला उर्मटपणा समजायचे. त्याला खरोखरच एवढंच म्हणायचं असायचं.

दारूड्यांविषयी त्याचं मत पक्कं होतं. त्याच्या सगळ्या नोकरीत एकानंही 'हो, प्यालो' म्हटलं नव्हतं. कुणी खोकल्याचं औषध घेतलेलं असायचं, कुणाच्या मागे बसलेल्यानं घेतलेली असायची, आणि उरलेल्यांच्या अंगावर बाटली फुटलेली असायची. "आपला जिल्हामा दारू प्यावाले कमी, फुटाले जास्त लागस," असं तो म्हणायचा. मला ते फार आवडायचं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

त्याची बहीण गजराबाई तापीपलीकडे कोरीटला दिलेली. एकच बहीण. तिचा नवरा दोधू स्वभावानं चांगला होता, पण दारू त्याला सोडत नव्हती, आणि शेवटी त्याला घेऊनच गेली. मागे एक मुलगा, भूपेंद्र. तो एसटीत ड्रायव्हर लागला तेव्हा गजराबाईनं गावभर गूळ वाटला. त्याची ड्यूटी आमच्या मार्गावर असली की ती काही काम नसताना बसमध्ये बसायची, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, आणि शेजारच्या बाईला सांगायची की गाडी चालवतोय तो मन्हा आंडोर. कंडक्टर तिकीट मागायला आला की त्यालाही सांगायची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कायम होईपर्यंत ड्रायव्हरवर कसलाही डाग लागला तर खातं त्याला घरी बसवतं, हे तिला पाठ होतं. दोधूच्या आजारात शेत गेलं होतं, त्यामुळे घरी बसवलं तर बसायला घर तेवढं होतं.

तर गेल्या वर्षीची आखाजी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि खानदेशात तिच्यापुढे दिवाळी फिकी. सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष पत्ते कुटतात आणि त्यांना त्या दिवशी कुणी बोलत नाही. माहेरी आलेल्या बहिणीनं काही मागितलं तर भावानं नाही म्हणायचं नसतं. गजराबाई दोन दिवस आधीच ब्राह्मणपुरीला आली होती. भूपेंद्र रजा काढून आदल्या दिवशी संध्याकाळी एका मित्राची पिकअप घेऊन निघाला. मागे आंबे आणि डांगरं, शेजारी चुलता चुनीलाल. चुनीलालच्या मांडीवर रात्रीच्या पत्त्यांसाठी घेतलेली बाटली, बूच काढलेली, कारण त्याला रात्रीपर्यंत धीर धरवला नव्हता.

ब्राह्मणपुरीच्या अलीकडे रस्त्यात पपईची ट्रॉली उभी होती. दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. दिवस मावळत होता. भूपेंद्रनं गाडी वळवली, समोरून रेवजी नावाचा मजूर मोटारसायकलवर बाजार करून घरी चालला होता, त्याला धक्का बसला आणि पिकअप मोरीच्या कठड्यावर जाऊन थांबली. रेवजीचा पाय मोडला. भूपेंद्रच्या कपाळाला खोक पडली. चुनीलालला खरचटलंसुद्धा नाही, मात्र बाटली भूपेंद्रच्या छातीवर फुटली आणि सगळी दारू त्याच्या शर्टात गेली.

दवाखान्यात ड्यूटीवर गेला तो हेमकांत. आरोपी कोण ते त्याला पडदा बाजूला केल्यावर कळलं. वास दारापर्यंत येत होता.

"मामा, मी पेयेल नही," भूपेंद्र म्हणाला. "काकानी बाटली मन्हा अंगवर फुटनी."

हेमकांतनं 'फुटनी' हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकणं सोडून दिलं. तेवढ्यात गजराबाईही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आली. बहीणभाऊ पडद्याबाहेर उभं राहून वकील कोणता द्यायचा ते बोलू लागले. आत भूपेंद्र बोलतच होता. डॉक्टरांनी त्याचा दंड साबणाच्या पाण्यानं धुतला. स्पिरिट लावलं तर तीही दारूच, मग रक्तात कुणाची दारू निघाली ते कळणार नाही, असं त्यांनी नव्या नर्सला समजावलं. रक्त काढलं, बाटली भरली, सील झालं. कागदावर त्यांनी लिहिलं की दारूचा वास येतो, डोळे लाल आहेत. वास येत होता आणि डोळे लालच होते.

हेमकांतनं ठाण्यात जाऊन साहेबांना सांगितलं, "साहेब, आरोपी माझा भाचा आहे. नमुना दुसऱ्या कुणाकडे द्या."

साहेब म्हणाले, "पाटील, या तालुक्यात कुणाचाच मामा नसलेला पोलीस मी आणू कुठून?" अर्धं ठाणं आखाजीच्या बंदोबस्तात होतं. मोकळा होता फक्त डोंगरसिंग. साहेबांनी त्याची कीर्ती ऐकलेली होती. शेवटी त्यांनी ठरवलं की दोघंही जातील. कागद आणि पिशवीचा ताबा डोंगरसिंगचा, बर्फ हेमकांतचा.

सकाळी ते दोघं माझ्या दुकानात आले. आखाजीचा दिवस, रसवाल्यांची रांग, मी घामाघूम. मागोमाग गजराबाई आली. नवी साडी, हातावर मेंदी, रात्रभर डोळा लागला नव्हता हे दिसत होतं. डोंगरसिंग शहाणा माणूस, तो बिडी ओढायला लांब गेला. पिशवी मात्र घेऊन गेला.

"भाऊ," ती म्हणाली, "वरीसमा एकदाव येस मी. साडी नको माले, काहीच नको. येवढं कर. तो बरफ पघळू दे."

हेमकांत बर्फाच्या लादीकडे बघत राहिला.

"पोऱ्यानी नोकरी जाई. मंग आमी काय खावानं? त्याना बापनी माले रडावं, आते हाऊ बी रडावाले लागना. तू मन्हा भाऊ शे ना?"

"शे," हेमकांत म्हणाला.

"मंग?"

"माले जमाव नही, गजरा."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती वळणार, आणि मी आधीच दुसरीकडे बघायला लागलो होतो. "शेठ, तुमी तरी सांगा. बरफ सरी गया म्हना."

लादी तिच्या-माझ्यामध्ये होती आणि ठिबकत होती. ती समोर असताना बर्फ संपला म्हणणं मला शक्य नव्हतं. पण तिच्याकडे बघून बर्फ आहे असं म्हणणंही शक्य नव्हतं. मी चुपचाप गोणपाट बाजूला केलं आणि फोडायला लागलो. मला त्या क्षणी हेमकांतचा भयंकर राग आला होता. एवढा कसला कडकपणा? सरकारच्या हजार बाटल्या सडतात, त्यात एक आणखी सडली असती. बहिणीसाठी एवढं न करणारा माणूस मला नको होता, आणि असं असूनही मी त्याला बर्फ फोडून देत होतो. त्यानं रोजच्यापेक्षा जास्त घेतला. गजराबाई तिथून निघाली. ब्राह्मणपुरीला नाही, स्टँडवर जाऊन थेट कोरीटची गाडी पकडली. आखाजीच्या दिवशी लेक माहेराहून उपाशी गेली. हे आमच्याकडे कुणी विसरत नाही.

पुढचं डोंगरसिंगनं सांगितलं. हेमकांत सावलीच्या बाजूला बसला, बाटली घातलेला थर्मास मांडीवर. धुळ्याला उतरला, जुनं पाणी ओतलं, नवा बर्फ भरला. मालेगावच्या पुढे एकदाच म्हणाला, "जाई पोऱ्यानी नोकरी." आणि थर्मास दुसऱ्या मांडीवर घेतला. नाशिकला लॅबमध्ये बाईंनी सील तपासलं, कागदावरच्या ठशाशी जुळवलं, पोच दिली. हेमकांतनं आत हात घालून बर्फ अजून आहे का ते बघितलं. होता.

मग सुरू झालं वाट बघणं. नाशिकला काही एकट्या आमच्या भूपेंद्रचं रक्त नव्हतं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या बाटल्या तिथंच जातात, शिवाय विषानं मेलेल्यांचे व्हिसेरा, बनावट दारूचे डबे, सगळं. तिथली माणसं आपल्या रांगेनं काम करतात. भूपेंद्रला खात्यानं घरी बसवलं. तो पपईच्या गाड्या भरायला जाऊ लागला. पपईचा चीक लागून त्याचे हात सोलवटले. रेवजीचा पाय पावसाळ्यात जुळला, थोडा लंगडतो; ट्रॉलीवाल्यावरही गुन्हा दाखल झाला. राखीपौर्णिमेला हेमकांत दुकानात आला तेव्हा त्याचं मनगट मोकळं होतं. मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, "पोस्ट उशिरा येस." पोस्ट उशिराच येत राहिली.

माझा राग तोवर निवला होता. त्याची जागा किवेनं घेतली होती. माणूस बर्फ घ्यायला यायचा, उभा राहायचा, जायचा. घरी बायकोसुद्धा त्याच्याशी धड बोलत नव्हती.

दसऱ्यानंतर अहवाल आला. साहेबांनी वाचला, परत वाचला आणि हेमकांतला बोलावलं. मग तो माझ्याकडे आला. थर्मास नव्हता, हात मोकळेच.

"निल," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दारू सापडली नाही. थेंबसुद्धा नाही."

इतकं बोलून तो बाकावर बसला आणि पाणी मागितलं. त्याच्याशी मी एरवी अहिराणीत बोलतो. त्या दिवशी तो कागदातली मराठी बोलत होता. मला इतका आनंद झाला की मी रसवाल्याला तासभर उधार बर्फ देत बसलो. मनात येत होतं, बर्फ पघळला असता तर? कोर्टातून भूपेंद्र कदाचित सुटलाही असता. पण खात्यापुढे एकच कागद उरला असता, वास येत होता म्हणणारा. कायम न झालेल्या ड्रायव्हरला काढायला तेवढा पुरला असता.

भूपेंद्रला परत कामावर घेतलं त्या आठवड्यात हेमकांत डोंगरसिंगबरोबर पुन्हा एका बाटलीसाठी बर्फ न्यायला आलेला होता. तेवढ्यात समोरून गजराबाई आली, हातात पेढ्यांचा पुडा, मागे खाकी घातलेला भूपेंद्र. तिनं मला पेढा दिला, भावाच्या तोंडात पेढा घातला आणि त्याचा हात धरून म्हणाली, "भाऊ, तू मन्हं ऐकं नही, तेच बरं करं."

"काय ऐकं नही?" भूपेंद्रनं विचारलं.

मला वाटलं हेमकांतनं आता तरी काहीतरी बनवून सांगावं. त्यानं पेढा गिळला आणि सांगितलं, "आखाजीले ती म्हने, बरफ पघळू दे."

भूपेंद्र आईकडे वळला. "माय, तुले वाटनं मी पेयेल शे?"

"तुन्हा बाप..."

"बापनं नको सांगू. मन्हं सांग."

तिनं मान हलवली. हो म्हणून.

"आन मामा, तुले?"

"हा," हेमकांत म्हणाला.

"मंग बरफ कसाले टाका?"

"ते मन्हं काम शे."

भूपेंद्र रिकाम्या कॅरेटवर बसला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "दवाखानामा मी सांगी ऱ्हायंतू," तो म्हणाला, "आन तुमी दोन्ही बाहेर वकीलनं बोली ऱ्हायंतात. त्या दिनपाईन आजलोंग येक जन बी माले इचारं नही."

"आते काय इचारू?" गजराबाई म्हणाली. "कागद उना ना."

"कागद कोर्टले. तू इचार."

रसवाल्याचा पोरगा बर्फाला हाका मारत होता. मी त्याला हातानं गप्प केलं. गजराबाईनं पुडा काउंटरवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "भूपू, तू पेयेल व्हता का?"

"नही, माय."

ती तिथंच ओल्या गोणपाटावर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि भूपेंद्र खाली उतरून तिच्याजवळ बसला. समोरच्या स्टँडवर हेमकांतची बस लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. डोंगरसिंगनं हाक दिली तरी हेमकांत हलला नाही. मग तो खाली वाकला आणि त्यानंही भाच्याला तेच विचारलं.

"नही, मामा," भूपेंद्र म्हणाला.